चेंडूची फिरकी कोणी मोजली?

गोल्फ हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी दूरचित्रवाणीवरच पाहिला असेल. त्याला लागणारे मैदान एवढे मोठे की सराव करायचा म्हटले तरी सहज जागा मिळत नाही. म्हणून अमेरिका-युरोपातील अनेक हौशी खेळाडू घराच्या आवारात किंवा मोटारीच्या गॅरेजमध्ये जाळी बांधून सराव करतात. चेंडू तीन मीटरवरच्या जाळीत अडकतो आणि शेजारी ठेवलेले जेवणाच्या डब्याएवढे यंत्र सांगते, 'हा चेंडू २३१ मीटर गेला असता. त्याची फिरकी मिनिटाला २७४० फेऱ्यांची होती.' या यंत्राला लाँच मॉनिटर म्हणतात. जो चेंडू गेलाच नाही, त्याचे अंतर या यंत्राला कसे कळले? आणि त्या आकड्यावर विश्वास कितपत ठेवावा? या प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्याला पावणेतीनशे वर्षांहून अधिक मागे, तोफा-बंदुकांच्या काळात जावे लागते.

रॉबिन्स यांचा लंबक

बंदुकीच्या गोळीचा वेग किती असतो, हे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात कोणालाच नीट ठाऊक नव्हते. डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टीचा वेग मोजायचा तरी कसा? बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली प्रसिद्ध केलेल्या तोफविद्येवरील पुस्तकात याची युक्ती सांगितली. गोळी टांगलेल्या जड लाकडी लंबकात घुसवायची आणि लंबक किती झुलतो ते पाहायचे. संवेग अक्षय्य राहतो, त्यामुळे लंबकाच्या संथ गतीवरून गोळीचा प्रचंड वेग काढता येतो. उत्तर आले सेकंदाला १६०० ते १७०० फूट. या लंबकामुळेच हवेचा विरोध मानला जात होता त्याहून कितीतरी जास्त असतो, हेही उघड झाले.

यातील एक बारकावा शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. रॉबिन्स यांनी लंबक किती उंच चढला हे मोजले नाही. लंबकाला त्यांनी एक फीत बांधली आणि झोक्याबरोबर ती किती ओढली गेली ते मोजले. असे का, हे गोल्फच्या चेंडूचे उदाहरण घेऊन पाहू. चेंडूचे वस्तुमान ४६ ग्रॅम आणि वेग सेकंदाला ७५ मीटर धरू. तो दोन मीटर लांबीच्या दोरीने टांगलेल्या पाच किलोच्या मातीच्या गोळ्यात रुतला, तर गोळा सुमारे २.४ सेंटिमीटर वर चढेल. पण आडवा मात्र सुमारे ३१ सेंटिमीटर सरकेल. उंची मोजताना एक मिलिमीटरची चूक झाली तर वेगात दोन टक्क्यांची चूक येते. आडव्या अंतरात तेवढीच चूक झाली तर वेगातील चूक एक तृतीयांश टक्काच राहते. उपकरण तेच आणि नियमही तेच. कोणती राशी मोजायला निवडली यावर अचूकता ठरते.

रॉबिन्स यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. गोळ्या सरळ रेषेतून डावी-उजवीकडे भरकटतात. याचे कारण गोळीची फिरकी असावी, असे त्यांनी सांगितले. हे दाखवण्यासाठी त्यांनी लाकडी चेंडू दुहेरी दोरीने टांगला, दोरीला पीळ दिला आणि चेंडू एका बाजूला ओढून सोडला. पीळ उलगडत असताना चेंडू स्वतःभोवती फिरतो आणि त्याचा झोका एका बाजूला वळत जातो. हा प्रयोग कोणत्याही शाळेत दहा मिनिटांत करता येईल. तरीही रॉबिन्स यांचे पुस्तक जर्मनमध्ये आणणाऱ्या ऑयलर यांच्यासारख्या थोर गणितज्ञाला हे स्पष्टीकरण पटले नाही. गोळीच्या आकारातील ओबडधोबडपणामुळे असे होत असावे, असे त्यांचे मत पडले. रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांची डागडुजी करण्यासाठी हिंदुस्थानात आले आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारले. फिरत्या वस्तूला हवेत बाजूने मिळणाऱ्या या रेट्याला पुढे, १८५२ साली प्रयोग करणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून, 'मॅग्नस परिणाम' म्हटले जाऊ लागले. क्रिकेटमधील फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेतच थोडा बाजूला सरकतो, तो याच परिणामामुळे.

टेट यांची फीत

गोल्फच्या मैदानावर हे भौतिकशास्त्र आणले ते एडिंबरा विद्यापीठातील प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी. टेट स्वतः गोल्फचे वेडे होते. त्यांचा मुलगा फ्रेडी याने १८९६ आणि १८९८ साली ब्रिटनची हौशी खेळाडूंची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली होती. म्हणजे प्रयोगाला लागणारा उत्तम फटका घरातच उपलब्ध होता.

टेट यांच्यापुढील कोडे असे होते. उत्तम फटक्यातील चेंडू जमिनीशी अगदी लहान कोन करून निघतो, तरी सहा सेकंदांच्या आसपास हवेत राहतो. गणित याच्याशी जुळत नव्हते. आजचे आकडे घेऊन हे कोडे पुन्हा मांडता येईल. काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार अमेरिकेतील व्यावसायिक पुरुष खेळाडूंचा लांब पल्ल्याचा चेंडू सरासरी सेकंदाला ७५ मीटर वेगाने आणि सुमारे ११ अंशांच्या कोनात निघतो आणि २५० मीटरवर पडतो. आपल्या दहावी-बारावीच्या सूत्रात हे आकडे घातले तर उत्तर येते २११ ते २१५ मीटर. सूत्रात हवेचा विरोध धरलेलाच नाही. तो धरला तर उत्तर आणखी कमी यायला हवे. प्रत्यक्षात चेंडू हवेतून जातो आणि निर्वातापेक्षा लांब जातो!

याचे कारण फिरकी. फटक्यामुळे चेंडूला उलटी फिरकी मिळते आणि त्यामुळे हवा त्याला वर उचलते. टेट यांनी १८९३ आणि १८९६ सालच्या निबंधांत याचे सविस्तर गणित मांडले. पण फिरकी आहे असे मानून कोडे सुटले, म्हणजे फिरकी सिद्ध झाली असे नाही. ती मोजायला हवी होती. टेट यांनी चेंडूला एका लांब फितीचे टोक जोडले, दुसरे टोक पक्के केले, आणि कसलेल्या खेळाडूला तो चेंडू थोड्याच अंतरावरच्या चिकणमातीत मारायला सांगितले. चेंडू मातीत रुतला की फितीला किती पीळ पडले ते मोजायचे. पिळांची दिशा उलट्या फिरकीचीच निघाली आणि पिळांच्या संख्येवरून फिरकीचा वेग मिळाला. चेंडू काही फुटांपलीकडे गेला नाही, तरी त्याची फिरकी खरोखर मोजली गेली.

निर्वात नळीतील गोल्फ

टेट यांच्यानंतर १९१० साली इलेक्ट्रॉनचे संशोधक जे. जे. थॉमसन यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गोल्फच्या चेंडूवर व्याख्यान दिले. श्रोत्यांना चेंडूचे मार्ग दाखवण्यासाठी त्यांनी निर्वात नळीतील ऋणभारित कणांचा झोत वापरला. गुरुत्वाकर्षणाच्या जागी विद्युतक्षेत्र आणि फिरकीच्या जागी चुंबक! चुंबकाची ताकद बदलली की झोताचा मार्ग बदले. घरच्या पडद्यावर आज दिसणाऱ्या आभासी गोल्फचा हा पूर्वज म्हणावा लागेल. मात्र येथे फिरकी मोजलेली नव्हती, ती निवडलेली होती. हा फरक आपल्याला पुढे लागणार आहे.

फिरकी डोळ्यांनी दाखवण्याचे काम पुढे छायाचित्राने केले. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकात क्षणार्धाहून लहान प्रकाशझोतांच्या साहाय्याने गोल्फच्या फटक्याची छायाचित्रे घेतली. चेंडूवर खूण करून एक सहस्रांश सेकंदाच्या अंतराने दोन चित्रे घेतली, तर वर सांगितलेल्या लांब फटक्यातील चेंडू त्यांत साडेसात सेंटिमीटर पुढे सरकलेला आणि सुमारे १६ अंश फिरलेला दिसेल. कॅमेऱ्यावर चालणारे लाँच मॉनिटर आजही हेच करतात.

रडार येते

दुसरी वाट रडारची. डेन्मार्कमध्ये २००३ साली ट्रॅकमन ही कंपनी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी फ्रेडरिक टुक्सन हे प्रक्षेपणास्त्रांचा माग काढणाऱ्या रडारवर काम केलेले अभियंते होते. तोफविद्येतून गोल्फकडे येण्याची रॉबिन्स-टेट यांची वाट अशी दुसऱ्यांदा चालली गेली. ही यंत्रे वीस हजार डॉलरच्या घरातील. पुढे २०१७ ते २०२३ या काळात पाचशे-सातशे डॉलरपर्यंतची छोटी रडार-यंत्रे बाजारात आली आणि घरगुती सराव करणाऱ्यांच्या हाती पडली.

रडार डॉप्लर परिणामावर चालते. २४ गिगाहर्ट्झची लहर सेकंदाला ७५ मीटर वेगाने दूर जाणाऱ्या चेंडूवर आदळून परत आली, की तिच्या वारंवारतेत १२,००० हर्ट्झचा फरक पडतो. फिरकीमुळे चेंडूची एक बाजू किंचित जास्त आणि दुसरी किंचित कमी वेगाने जाते. चेंडूच्या पृष्ठभागावर कोठे थोडीशी असमानता असेल, तर परत येणाऱ्या लहरीत प्रत्येक फेरीला एक ठोका उमटतो. ते ठोके मोजले की फिरकी कळते.

आता जाळी आड येते. जाळी तीन मीटरवर असेल तर चेंडू तेथे ०.०४ सेकंदात पोचतो. एवढ्या वेळात कोणतीही वारंवारता मोजली तरी तिच्यात सुमारे २५ हर्ट्झची संदिग्धता राहते. कारण ती साधारणपणे मोजणीच्या काळाच्या व्यस्त प्रमाणात असते. १२,००० हर्ट्झमध्ये २५ हर्ट्झ म्हणजे काहीच नाही, एक टक्क्याचा पाचवा भाग. त्यामुळे स्वस्त यंत्रही चेंडूचा वेग चांगला सांगते. पण मिनिटाला २७०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ४५ फेऱ्या. ४५ हर्ट्झमध्ये २५ हर्ट्झची संदिग्धता म्हणजे निम्म्याहून अधिक! जाळीपर्यंत पोचेतो चेंडू दोन फेऱ्याही पुऱ्या करत नाही. लहान पल्ल्याच्या फटक्यात चेंडू हळू जातो आणि फिरतो मात्र सेकंदाला दीडशे वेळा; तेथे दहा फेऱ्या मिळतात आणि काम सोपे होते.

मोजलेले आणि काढलेले

फिरकी मोजता आली नाही तर यंत्र काय करते? ते अंदाज करते. अमुक वेग, अमुक कोन, अमुक काठी असेल तर सर्वसाधारणपणे फिरकी अमुक असते, असे कोष्टक त्याच्या गणितात असते. मग त्या फिरकीवरून अंतर आणि वळण काढले जाते. पडद्यावर मात्र वेग, कोन, फिरकी आणि अंतर एकाच टाइपात, एकाच रुबाबात दिसतात. २७४० हा चार अंकी आकडा पाहिला की तो शेवटच्या अंकापर्यंत खरा असणार, असे वाटते.

आम्हाला यातील खरा धोका वेगळाच वाटतो. कोष्टक बनते ते सर्वसाधारण फटक्यांवरून. फटका काठीच्या तोंडाच्या मध्यावर बसला असे त्यात गृहीत असते. पण लांब पल्ल्याच्या काठीवर चेंडू मध्याच्या वर बसला तर कोन वाढतो आणि फिरकी घटते. खाली बसला तर उलट होते. म्हणजे खेळाडूच्या फटक्यात दोष असेल, नेमका तेव्हाच अंदाज सर्वांत जास्त चुकतो. सराव करायचा तो दोष शोधण्यासाठी, आणि यंत्र तोच दोष झाकून सरासरी आकडा दाखवते! महिनोन्महिने त्या आकड्याकडे पाहून हात बसवला, तर हात चुकीच्या ठिकाणी बसतो.

शंभर फटक्यांची सरासरी घेऊनही हे सुटत नाही. सरासरीने विखुरलेल्या चुका घटतात, एकाच बाजूला झुकलेली चूक तशीच राहते. यंत्र एक अंशाने तिरके ठेवले तर २५० मीटरवर प्रत्येक चेंडू ४.४ मीटर बाजूला दिसेल, आणि तो शंभर वेळा तसाच दिसेल. आकडे एकमेकांशी जुळतात म्हणून ते खरे ठरत नाहीत.

यावर उपायही आहेत आणि ते जुन्याच वाटेने जातात. काही रडार-यंत्रांसाठी चेंडूवर धातूची छोटी टिकली चिकटवतात, म्हणजे प्रत्येक फेरीचा ठोका ठळक उमटतो. काही यंत्रांना कॅमेरा जोडलेला असतो आणि ठरावीक खुणा छापलेले चेंडू वापरावे लागतात. टिकली काय किंवा छापील खूण काय, ही टेट यांच्या फितीचीच नवी रूपे. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे अधूनमधून मोकळ्या मैदानावर जाऊन तोच फटका मारणे, चेंडू पडला ती जागा पाहून अंतर मोजणे आणि यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहणे.

आपल्या शाळांत लाँच मॉनिटर येणार नाहीत. पण अंकी वजनकाटे, तापमापक आणि मोबाइलवरची मोजमापाची साधने आलेलीच आहेत. त्यांतील पुष्कळ आकडे मोजलेले नसून काढलेले असतात. यासाठी एक साधी सवय लावता येईल. प्रयोगवहीत निरीक्षणांच्या तक्त्याला एक जादा रकाना पाडावा आणि प्रत्येक आकड्यापुढे विद्यार्थ्याने 'मोजला' किंवा 'काढला' असे लिहावे. 'काढला' असे लिहिले तर कशावरून, आणि काय गृहीत धरून, हेही लिहावे. सुरुवात दोरीने टांगलेल्या खोक्यात टेनिसचा चेंडू मारून करावी. खोक्याला रॉबिन्स यांच्यासारखी फीत बांधावी आणि मुलांना विचारावे, आपण चेंडूचा वेग मोजला की काढला? वर्गात यावर भांडण झाले तर तास कारणी लागला असे समजावे.