परतीचा दोर : १९६८ ची पृथ्वीप्रदक्षिणा आणि तिच्यातील नवखे नाविक

१/ ८ जून १९६८. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हॅम्बल येथून तीस फुटांची एक शिडाची नौका जगाला फेरी घालण्यासाठी निघाली. तिच्यावर एकच माणूस होता आणि त्याला शीड चालवता येत नव्हते. शिडे मित्रांनी चढवून दिली होती. काही मित्र दुसऱ्या नौकेतून पुढे चालले होते. ते जे करतील, ते पाहून मागच्याने तसेच करायचे, असा बेत होता.

२/ या माणसाचे नाव चे ब्लाइथ. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले, ब्रिटिश छत्रीदलातील माजी सैनिक, वय २८. त्यांच्यापाशी नौकानयनाच्या पुस्तिका होत्या आणि पुढ्यात सुमारे ३०,००० मैलांचा समुद्र होता. हे साहस वेडेपणाचे होते की नव्हते, याचा निकाल वाटतो तितका सोपा नाही. त्यासाठी ती शर्यत समजून घ्यावी लागते.

३/ २८ मे १९६७ रोजी फ्रान्सिस चिचेस्टर हे वयाच्या ६५ व्या वर्षी 'जिप्सी मॉथ ४' या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून प्लीमथला परतले. वाटेत ते एकदाच, सिडनीला, थांबले होते. इंग्लंडने त्यांना डोक्यावर घेतले. आता एकच टप्पा उरला होता : कुठेही न थांबता, कुणाचीही मदत न घेता एकट्याने जगाला फेरी.

४/ अनेक जण स्वतंत्रपणे त्या तयारीला लागले होते. 'संडे टाइम्स' या वृत्तपत्राने मार्च १९६८ मध्ये त्या सर्वांना एका शर्यतीत गुंफले. १ जून ते ३१ ऑक्टोबर यांदरम्यान केव्हाही निघावे. प्रथम परतणाऱ्यास 'गोल्डन ग्लोब' हे सुवर्णचषक, आणि सर्वांत कमी दिवसांत फेरी पुरी करणाऱ्यास ५,००० पौंड.

५/ या नियमांत एक गोष्ट नव्हती : पात्रतेची अट. स्पर्धकाला नौका चालवता येते का, हे कुणीही विचारणार नव्हते. एकूण नऊ जण निघाले. त्यांत फ्रान्सचे बर्नार मोआतेसिये यांच्यासारखे मुरलेले दर्यावर्दी होते, तसेच ब्लाइथ यांच्यासारखे नवखेही होते.

६/ ब्लाइथ समुद्राला अगदीच अनोळखी नव्हते. १९६६ मध्ये त्यांनी आणि जॉन रिजवे या सैन्याधिकाऱ्याने उघड्या होडीतून वल्ही मारत ९२ दिवसांत अटलांटिक पार केला होता. भूक, थंडी, ओले अंथरूण आणि एकटेपणा यांची सवय होती. पण वल्हे आणि शीड यांत मोठे अंतर आहे. वल्हे हातांच्या बळावर चालते. शीड चालवायचे तर वारा वाचावा लागतो, आणि वारा जोर धरण्यापूर्वीच ते आखडून घेण्याचे भान लागते.

७/ दुसरी अडचण नौकेची. 'डिटिस्कस ३' ही मागून घेतलेली, कुटुंबासह किनाऱ्यालगत फिरण्यासाठी योग्य अशी नौका होती. तिच्या तळाला एका खोल कण्याऐवजी दोन बाजूंना दोन आखूड कणे होते. ओहोटीच्या वेळी अशी नौका चिखलात सरळ उभी राहते, ही मोठी सोय. परंतु दक्षिण गोलार्धात ४० अंशांखाली लाटांना अडवायला जमीन फारशी नाही. तिथल्या डोंगराएवढ्या लाटांसाठी ती घडवलेली नव्हती.

८/ ब्लाइथ शिकत गेले. चुका करत, पुस्तिका उलगडत त्यांनी अटलांटिक उतरून पार केला. पण जनित्राच्या इंधनात खारे पाणी शिरले. त्रिस्तान दा कुन्हा बेटाजवळ त्यांनी मदत घेतली आणि नियमानुसार ते शर्यतीतून बाद झाले. तरीही दक्षिण महासागर कसा असतो हे पाहण्यासाठी ते आफ्रिकेच्या टोकापलीकडे गेले. सप्टेंबरमध्ये ईस्ट लंडन बंदरात त्यांनी प्रवास थांबवला.

९/ येथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा. ब्लाइथ थांबू शकले, ते कशामुळे? हार मानण्याची लाज त्यांनाही असणारच. पण थांबल्यामुळे त्यांचे घर जाणार नव्हते. नवखेपणाची किंमत म्हणून शर्यत गेली, एवढेच. ज्या दुसऱ्या स्पर्धकाला ही मुभा नव्हती, त्याची कथा आता पाहू.

१०/ डोनाल्ड क्रोहर्स्ट, वय ३६, चार मुलांचे वडील. व्यवसाय इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा. खलाशांना दिशा शोधण्यास मदत करणारे 'नॅव्हिकेटर' नावाचे यंत्र त्यांनी तयार केले होते. पण धंदा बुडत चालला होता. नौकानयन ही त्यांची सुट्टीच्या दिवसांतली हौस. शर्यत जिंकली, तर नाव होईल आणि यंत्रही खपेल, असा त्यांचा हिशेब होता.

११/ नौकेसाठी पैसा नव्हता. स्टॅन्ली बेस्ट या व्यावसायिकाने तो पुरवला, पण करारात एक कलम होते : क्रोहर्स्ट यांनी लवकर माघार घेतली, तर नौका त्यांनीच विकत घ्यायची. धंदा आणि राहते घर, दोन्ही गहाण पडले. म्हणजे परतीच्या बंदरात दिवाळखोरी वाट पाहत होती, आणि तीही निघण्यापूर्वीपासून.

१२/ 'टीनमथ इलेक्ट्रॉन' ही ४० फुटांची, तीन तळ एकमेकांना जोडून केलेली ट्रायमरन नौका. अशी नौका वेगवान असते; मात्र एकदा पूर्ण उलटली की आपोआप सरळ होत नाही. त्यावर उपाय म्हणून डोलकाठीच्या टोकाशी फुगणारी पिशवी बसवण्याची क्रोहर्स्ट यांची कल्पना होती. ती यंत्रणा कधीच पूर्ण झाली नाही.

१३/ बांधणी घाईत उरकली. नॉरफोकहून टीनमथपर्यंतचा पहिला प्रवास तीन दिवसांचा ठरवला होता. त्याला सुमारे दोन आठवडे लागले. अखेर ३१ ऑक्टोबरला, म्हणजे मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी, ते निघाले. काही सुटे भाग धक्क्यावरच राहून गेले. थोड्याच दिवसांत एका तळात पाणी शिरू लागले, आणि ते उपसण्यासाठी लागणारी नळी नौकेवर नव्हती.

१४/ नोव्हेंबरच्या मध्यास त्यांनी रोजनिशीत स्वतःच हिशेब मांडला. या अवस्थेत दक्षिण महासागरात जाणे म्हणजे जीव गमावणे. परतणे म्हणजे सर्वस्व गमावणे. डिसेंबरपासून त्यांनी तिसरी वाट धरली. नौका अटलांटिकमध्येच घुटमळत राहिली आणि बिनतारी संदेशांतून मात्र जगाला खोटी प्रगती कळवली जाऊ लागली.

१५/ हे शक्य कसे झाले? त्या काळी उपग्रहांवरून नौकेचे स्थान कळत नसे. नाविक सेक्स्टंटने सूर्य-ताऱ्यांचा उंचांक मोजून, अचूक घड्याळ आणि तक्त्यांच्या आधारे आपले स्थान काढी आणि स्वतःच कळवी. त्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. न गेलेल्या ठिकाणाची आकडेमोड उलट्या दिशेने रचणे हे खऱ्या गणितापेक्षाही कठीण काम. क्रोहर्स्ट ते महिनोन्महिने करत राहिले.

१६/ या खोटेपणाची झळ दुसऱ्याला बसली. नायजेल टेटली यांनी आपल्या ट्रायमरनमधून केप हॉर्न ओलांडून जवळजवळ फेरी पुरी केली होती. क्रोहर्स्ट मागून वेगाने येत आहेत, या समजुतीने त्यांनी जर्जर नौका जोरात दामटली. २१ मे १९६९ रोजी अझोर्स बेटांजवळ ती मोडून बुडाली. टेटली बचावले.

१७/ आता ५,००० पौंडांचे बक्षीस क्रोहर्स्ट यांच्याकडे येऊ घातले, आणि त्यामागून रोजनिशीची तपासणीही. त्यांच्या शेवटच्या नोंदींत भ्रमिष्टपणाची छाया दिसते. अखेरची नोंद १ जुलै १९६९ ची. १० जुलैला एका टपाल-जहाजाला ती नौका रिकामी तरंगताना आढळली. क्रोहर्स्ट यांचा देह कधीच सापडला नाही. त्यांनी जीवन संपवले असेच बहुतेकांचे मत आहे.

१८/ मराठी मनाला 'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार पराक्रमाचा वाटतो. १६७० च्या सिंहगडाच्या लढाईत तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरू लागले, तेव्हा दोर कापल्याचे ऐकून ते पुन्हा भिडले, अशी परंपरागत कथा आहे. पण ते मावळे लढाईत मुरलेले होते. ज्याला अजून शिकायचे आहे, त्याचे दोर कापणे ही वेगळीच गोष्ट. क्रोहर्स्ट यांचा दोर कराराच्या कागदाने कापला होता.

१९/ या शर्यतीतून एकच जण पूर्ण फेरी करून परतला, आणि त्याची नौका मुंबईत बांधलेली होती. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होते. त्यांनी सोबत्यांसह मुंबईच्या कारागिरांकडून 'सुहेली' ही ३२ फुटांची, दोन डोलकाठ्यांची सागवानी नौका बांधून घेतली. वाकस, हातकरवत, दोरीने फिरवायचा सामता, अशी हत्यारे. आणि पाण्यात सोडताना नारळ. 'सुहेली' हे इराणच्या आखातातील आग्नेयेकडच्या वाऱ्याचे नाव.

२०/ ही नौका हळू होती आणि तिची घडण जुन्या वळणाची होती. नॉक्स-जॉन्स्टन यांनाही शर्यतीसाठी नवी नौका हवी होती, पण पैसे उभे राहिले नाहीत. मात्र तिची खोड न् खोड त्यांना ठाऊक होती. १९६५ मध्ये मुंबई सोडून, वाटेत पैसे संपल्याने दक्षिण आफ्रिकेत थांबून काम करत, १९६७ मध्ये ते तिच्यातूनच इंग्लंडला पोहोचले होते. त्यांचे शिक्षण शर्यतीपूर्वीच झाले होते.

२१/ ते शिक्षण कामी आले. १४ जून १९६८ ला फालमथहून निघाल्यावर काही आठवड्यांतच नौकेच्या तळाच्या फटींतून पाणी येऊ लागले. त्यांनी स्वतः पाण्याखाली बुड्या मारून कापूस, कॅनव्हासची पट्टी आणि वर तांब्याचा पत्रा ठोकून ती गळती थांबवली. मध्येच आलेल्या शार्कला गोळी घालावी लागली. पुढे बिनतारी यंत्र बंद पडले, आपोआप सुकाणू धरणारी यंत्रणा मोडली. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, 'सुहेली' फालमथला परतली.

२२/ बक्षिसाचे ५,००० पौंडही त्यांनाच मिळाले, कारण फेरी पुरी करणारा दुसरा कुणी उरलाच नव्हता. ती सारी रक्कम त्यांनी क्रोहर्स्ट यांच्या पत्नीला आणि मुलांना दिली.

२३/ आणि ब्लाइथ? ज्यांना शीड उभारता येत नव्हते, त्यांनी १८ ऑक्टोबर १९७० रोजी 'ब्रिटिश स्टील' या नौकेतून पुन्हा इंग्लंड सोडले; या वेळी पूर्वेऐवजी पश्चिमेकडे, म्हणजे दक्षिण महासागरातल्या वाऱ्यांच्या तोंडावर. २९२ दिवसांनी, ६ ऑगस्ट १९७१ ला ते परतले. एकट्याने, न थांबता पश्चिमेकडून फेरी घालणारे ते पहिले. ईस्ट लंडनला थांबले नसते, तर ही दुसरी फेरी झाली असती का?

२४/ भारतीय नौदलाने हीच पायरीपायरीची वाट धरली. निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या ध्यासातून 'सागर परिक्रमा' उभी राहिली. कमांडर दिलीप दोंदे यांनी नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे जाऊन काम शिकून घेतले. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत 'म्हादेई' बांधली गेली. आधी छोटे प्रवास झाले, मग मॉरिशसहून एकट्याने परत. त्यानंतर १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून प्रदक्षिणा सुरू झाली, तीही चार थांबे घेऊन. मे २०१० मध्ये दोंदे परतले : एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय.

२५/ पुढची पायरी अभिलाष टॉमी यांची. त्याच 'म्हादेई'तून १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघून, कुठेही न थांबता, ते २०१३ च्या वसंतात मुंबईला परतले. २०१८ मध्ये मूळ शर्यतीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जुन्याच साधनांनिशी गोल्डन ग्लोब शर्यत पुन्हा भरली, तेव्हा त्यांची नौका होती 'थुरिया' : गोव्यात बांधलेली, 'सुहेली'ची प्रतिकृती.

२६/ सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागरातील वादळात 'थुरिया'ची डोलकाठी मोडली, टॉमी यांच्या मणक्याला गंभीर इजा झाली आणि त्यांना समुद्रातून सोडवून आणावे लागले. नौका तिथेच सोडावी लागली. २०२२ मध्ये ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसऱ्या क्रमांकाने किनाऱ्याला लागले.