मन्नाएखेळ्ळी : मागणीनुसार क्रीडांगणाचे नियोजन

मन्नाएखेळ्ळी हे बिदर जिल्ह्यातील पुणे–हैदराबाद महामार्गावरील गाव. अशा गावी क्रीडांगण आखताना 'जागा किती' याआधी 'खेळणार कोण' हे ठरवावे लागते. केवळ मैदानावर दिसणाऱ्यांची गणना केल्यास, सोयीअभावी घरीच राहणाऱ्या मुलींची मागणी नोंदलीच जात नाही. त्यामुळे शाळा, वस्त्या व ग्रामसभा येथे स्वतंत्र विचारणा आवश्यक ठरते.

एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. आंतरराष्ट्रीय फुटबॉल मैदानास किमान ६,४०० चौरस मीटर लागतात. याउलट पुरुषांच्या कबड्डीस १३ × १०, खो-खोस २७ × १६ आणि व्हॉलीबॉलला १८ × ९ मीटर पुरतात. सभोवतालची मोकळी जागा धरूनही ही तिन्ही मैदाने एका एकरात सामावतात.

मैदानाची लांबी उत्तर–दक्षिण ठेवल्यास सकाळ-संध्याकाळचे ऊन खेळाडूंच्या डोळ्यांवर येत नाही. जिल्ह्यात तांबडी व काळी अशी दोन्ही प्रकारची माती आढळते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तेथे मुरमाचा भराव व पाण्याचा निचरा आधी हवा. मुलींसाठी राखीव वेळ, स्वच्छतागृह आणि दिवे हे मूळ आराखड्यातच असावेत. अन्यथा मैदान तयार होऊनही अर्धी मागणी बाहेरच राहते.