निदान कोणाचे, औषध कोणाचे? : महाराष्ट्रातील बागायती सल्ल्याच्या विश्वासार्हतेचा इतिहास

प्रास्ताविक

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील शेती नागरीकरणामुळे मागे सरली. झाडे लावण्याची हौस मात्र मागे सरली नाही. अंबरनाथच्या बुवापाड्यासारख्या वस्तीतही दारापुढच्या कुंड्यांत आणि तेलाच्या रिकाम्या डब्यांत तुळस, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता यांची जोपासना केली जाते. यांपैकी एखाद्या झाडाची पाने पिवळी पडू लागली, की शेजारी पाणी कमी झाल्याचे सांगतो, रोपवाटिकेतील माळी खत घालावयास सांगतो आणि दुकानदार एक बाटली पुढे करतो. तिघांपैकी कोणाचे ऐकावे, हा प्रश्न वरकरणी घरगुती वाटतो. परंतु हाच प्रश्न महाराष्ट्रातील बागायतदारांपुढे गेली दीडशे वर्षे उभा आहे आणि त्याच्या उत्तरावर बागा, निर्यात, प्रसंगी माणसांचे प्राणही अवलंबून राहिले आहेत. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. निदान करणारा कोण, औषध विकणारा कोण आणि उपायाची परीक्षा कोणाच्या हाती, या तीन बाबींच्या परस्परसंबंधावरून सल्ल्याची विश्वासार्हता ठरत आली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लक्षणांची भाषा

वनस्पतींना रोग होतात आणि त्यांवर चिकित्सा करता येते, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय असून त्यात पाने फिकी पडणे, अंकुर न वाढणे, फांद्या सुकणे आणि रस पाझरणे ही रोगलक्षणे सांगितली आहेत. रोगट भाग शस्त्राने काढून त्यावर वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा, असा उपायही तेथे आहे. पुढे सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’त वृक्षरोगांची वात, पित्त, कफ अशी विभागणी आढळते. मनुष्याच्या वैद्यकाची चौकट झाडाला लावण्याचा हा प्रयत्न होय.

मराठी शेतकऱ्याने मात्र दोषांची चौकट फारशी स्वीकारली नाही. त्याने डोळ्यांना जे दिसले त्यालाच नाव दिले. पानावर राख उधळल्यासारखी दिसते ती भुरी, तांबूस भुकटी बोटाला लागते तो तांबेरा, डाळिंबावर तेलकट डाग पडतात तो तेल्या, खोडातून डिंक वाहतो तो डिंक्या. ही नावे अत्यंत नेमकी आहेत. परंतु ती लक्षणाची नावे आहेत, कारणाची नव्हेत. मिरचीवरील चुरडामुरडा हे याचे उत्तम उदाहरण होय. फुलकिड्यांमुळे मिरचीचे पान वरच्या बाजूस वळते, कोळी या अष्टपाद किडीमुळे खालच्या बाजूस वळते आणि विषाणूमुळेही पाने आकसतात. शेतकऱ्याच्या तोंडी तिन्हींचे नाव एकच. फुलकिड्यांवरील बहुतेक औषधांनी कोळी मरत नाही आणि विषाणूने बाधलेल्या झाडावर तर कोणतेच औषध चालत नाही. त्यामुळे ‘चुरडामुरड्यावर काय मारू?’ या प्रश्नाला पान उलटून न पाहता दिलेले कोणतेही उत्तर हा केवळ अंदाज ठरतो. दुकानाच्या फळीपलीकडून मिळणारी उत्तरे बहुधा याच जातीची असतात, हे नमूद करावयास हरकत नाही.

मोरचूद आणि चुना

आधुनिक वनस्पतिरोगशास्त्राचा पहिला मोठा विजय प्रयोगशाळेत नव्हे, तर रस्त्याकडेच्या मळ्यात झाला. फ्रान्समधील मेडोक प्रांतातील काही बागाईतदार, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद व चुन्याचे मिश्रण शिंपडत. १८८२ मध्ये बोर्दो येथील प्राध्यापक मिलार्दे यांना त्याच वेली केवडा रोगापासून बचावल्याचे आढळले. त्यांनी प्रयोग करून १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बागाईतदाराला उपाय ठाऊक होता, पण कशाचा ते ठाऊक नव्हते. प्राध्यापकाला प्रश्न ठाऊक होता. निरीक्षणाला जोडून पडताळणी आली तेव्हा सल्ला जन्माला आला.

हिंदुस्थानातही बोर्डो मिश्रण लवकरच आले. म्हैसूर संस्थानात कोलमन यांनी सुपारीच्या कोळेरोगावर त्याची फवारणी प्रचारात आणली. त्यापूर्वी तेथील बागाईतदार घडांवर आच्छादन बांधून पावसापासून बचाव करीत. म्हणजे रोगाचा ओलाव्याशी असलेला संबंध त्यांनी बुरशीचे नाव न जाणताही ओळखला होता. पुढे नाशिकची द्राक्षे, विदर्भातील संत्री आणि कोकणातील सुपारी या सर्वांच्या बागांत मोरचूद-चुना रूढ झाला. डिंक्यावर खोडाला लावावयाचे बोर्डो मलम आजही वापरात आहे.

या मिश्रणाचा एक गुण लक्षणीय आहे. एक टक्का तीव्रतेसाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी हे प्रमाण कोणालाही समजते. मिश्रण बरोबर झाले की नाही, हे विळा किंवा लोखंडी खिळा त्यात बुडवून कळते. लोखंडावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी चुना घालावा. येथे परीक्षेसाठी तज्ज्ञाची सही लागत नाही. परीक्षा बागाईतदाराच्या हातातील विळाच घेतो. पुढील काळातील बाटलीबंद औषधांना अशी कसोटी उरली नाही. बाटलीत काय आहे याविषयी लेबलावर आणि ती देणाऱ्यावर विश्वास ठेवणे एवढेच ग्राहकाच्या हाती राहिले.

प्रत्यक्ष परीक्षेचा हा आग्रह महात्मा फुले यांनीही निराळ्या संदर्भात धरला होता. १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी शेतीची प्रदर्शने भरवावीत, पिकांच्या व औत हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात आणि उत्तम शेतकऱ्यांना बक्षिसे द्यावीत, असे सुचविले. ज्ञानाचा अधिकार हुद्द्यावरून नव्हे, तर शिवारात दिसणाऱ्या फळावरून ठरावा, असा त्याचा अर्थ लावता येतो.

सल्लागार आणि विक्रेता

स्वातंत्र्योत्तर काळात १९६८ ते १९७२ या वर्षांत राज्यात राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे कृषी विद्यापीठे उभी राहिली. आकाशवाणीवरील शेतीविषयक कार्यक्रम आणि दूरदर्शनवरील ‘आमची माती आमची माणसं’ यांनी त्यांचा सल्ला घरोघर नेला. याच सुमारास दुसरा, अनौपचारिक प्रवाह वाहू लागला. गणिताचे अध्यापक असलेले श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या रूपाने शेतकऱ्यांचे जाळे उभे केले. तासगाव परिसरातील द्राक्ष बागाईतदारांनी एकमेकांच्या बागा पाहाव्यात, नोंदी ठेवाव्यात आणि त्या इतरांना कळवाव्यात, अशी ही पद्धती होती. यात सांगणारा स्वतःच्या वेलीवर आधी प्रयोग करीत असे. चुकला तर नुकसान त्याचेच होई.

मात्र गावोगावी पोहोचलेली खरी संस्था म्हणजे कृषी सेवा केंद्र. विद्यापीठ दूर, कृषी सहायकाकडे अनेक गावे, दुकान मात्र बाजारपेठेत सदैव उघडे. उधारीही तेथेच मिळते. अशा रीतीने निदान आणि विक्री एका हाती आली. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने औषधांची नोंदणी, लेबल आणि विषारीपणा दर्शविणारे लाल, पिवळे, निळे, हिरवे चिन्ह बंधनकारक झाले. चिन्ह औषध किती विषारी ते सांगते. समोरच्या झाडाला त्याची गरज आहे काय, हे सांगत नाही.

याची किंमत प्रथम द्राक्षांनी मोजली. २००३ मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत मिथोमिलसारख्या कीटकनाशकाचे अंश आढळले आणि त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांसाठी उर्वरित अंश तपासणीची व्यवस्था उभी राहिली. तरीही २०१० मध्ये माल पुन्हा अडकला. या वेळी कारण होते वाढ रोखून घडनिर्मिती साधण्यासाठी वापरले जाणारे क्लोरमेक्वाट क्लोराइड. हे संजीवक बागाईतदारांच्या नेहमीच्या वापरातले, परंतु निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत त्याचा समावेशच नव्हता. सर्वांचा सल्ला पाळूनही बागाईतदार दोषी ठरला.

त्याहून भयंकर घटना २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात घडली. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो रुग्णालयात दाखल झाले. एकापेक्षा अधिक औषधे एकत्र करून फवारल्याच्या आणि संरक्षक साधनांच्या अभावाच्या बाबी तेव्हा पुढे आल्या. ‘मिसळून मारा’ हा सल्ला देणाऱ्याचे नाव बहुधा कोणत्याही पावतीवर नसते. विक्रेत्यांना शेतीचे शिक्षण असावे, असा नियम त्यापूर्वीच, २०१५ मध्ये झाला होता आणि हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने त्यांच्यासाठी २००३ पासून पदविका सुरू केली होती. विक्रेता सुशिक्षित व्हावा हे योग्यच. परंतु सुशिक्षित विक्रेत्याचेही उत्पन्न विक्रीवरच अवलंबून असते, हा प्रश्न पदविकेने सुटत नाही.

कुंडीतील झाड

शासकीय यंत्रणेने या दोषावर शोधलेला एक उपाय उल्लेखनीय आहे. सोयाबीनवरील किडीच्या २००८ मधील उद्रेकानंतर राज्यात ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. त्यात प्रथम ठरावीक शेतांत किडींची मोजणी होते आणि नुकसानीची पातळी ओलांडली असेल तरच फवारणीचा सल्ला दिला जातो. पाहणारा आणि विकणारा येथे निराळे आहेत.

घरच्या कुंडीसाठी अशी यंत्रणा नाही. तरी कुंडीचे झाड या इतिहासाबाहेरचे नाही. २००८ मध्ये पपईवरील पिठ्या ढेकूण ही परदेशी कीड भारतात प्रथम आढळली. पुढे ती महाराष्ट्रातही आली आणि जास्वंदावरही बसली. बाटल्यांनी ती आटोक्यात येईना. २०१० मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने पोर्टो रिको येथून ॲसेरोफॅगस पपाये नावाचा अतिसूक्ष्म परोपजीवी कीटक आणून सोडला आणि कीड ओसरली. हा मित्रकीटक फवारणीने मरतो. म्हणजे ज्या जास्वंदावर औषध मारण्याची घाई झाली, तेथे उपाय करणाराच आधी मारला गेला. पिवळ्या पानांचेही तसेच. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची उणीव संभवते, जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्राची. आणि कुंडीच्या तळाचे छिद्र बुजून मुळे पाण्यात कुजत असतील तर खत व औषध दोन्ही निरुपयोगी. बुवापाड्यातील तेलाच्या डब्याला तळाशी छिद्र पाडले आहे की नाही, हे दुकानात उभे राहून कळत नाही. त्यासाठी डबा उचलून पाहावा लागतो.