पुण्यातील पशुविज्ञान शिक्षण

भारतातील आधुनिक पशुवैद्यक शिक्षणाचा प्रारंभ लष्कराच्या गरजेतून झाला. घोडदळाचे घोडे सुस्थितीत राहावेत, म्हणून १८६२ मध्ये पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा काढण्यात आली. शेतकऱ्याच्या बैलाचा विचार तीत नव्हता. तो करणे भाग पडले बुळकांड्या रोगामुळे. या विषाणुजन्य रोगाने खिल्लारेच्या खिल्लारे नष्ट होत आणि बैल गेला की पेरणी बुडे. हॅलन आयोगाने १८७१ मध्ये गुरांच्या साथींविषयी अहवाल दिला. तरी संशोधनास प्रयोगशाळा मिळण्यास १८८९ साल उजाडले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये स्थापन झालेली ही ‘इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ आल्फ्रेड लिंगार्ड यांच्या हाती सोपविण्यात आली. मात्र दाट वस्तीत सांसर्गिक जंतू हाताळणे धोक्याचे असल्याने १८९३ मध्ये ती कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच.

रोगचिकित्सेचे नागरी शिक्षण १८८६ पासून मुंबईस परळ येथे मिळू लागले होते. पुण्यात १८७९ मध्ये सुरू झालेल्या कृषिवर्गातून पुढे कृषी महाविद्यालय उभे राहिले व तेथे पशुसंवर्धन आणि दुग्धशास्त्र हे विषय शेतीचे अंग म्हणून शिकविले गेले. परिणामी चारा व पैदास पुण्यात, तर रोग व उपचार मुंबईत, अशी फारकत झाली. कारभाराच्या दृष्टीने ती सोयीची असेल. गोठ्यात मात्र चारा आणि रोग वेगळे नांदत नाहीत. राज्यातील पशुवैद्यक महाविद्यालये २००० मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत आली असून त्यांपैकी पुण्यास जवळचे महाविद्यालय सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे आहे.