जाहिरातीच्या जागेवरचं रांगतं बाळ

1982 चा उन्हाळा. 75 सेंटचं टोकन टाका, दांडा ढकला आणि उतरा न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत.

शर्ट पाठीला चिकटला ना? इथं खाली वारा म्हणून नाही. ब्रेकच्या जळक्या वासात घाम मिसळलाय, मुतारीचा दर्पही. गाडी कानठळ्या बसवत शिरते. डब्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत स्प्रेपेंटची नावं. कोपर लागलं? टाइम्स स्क्वेअरला ते चालायचंच.

जरा भिंतीकडे सरका. इथं जाहिरातीची मुदत संपली की तिच्यावर काळा कागद डकवतात. त्या कागदापुढे एक चष्मेवाला, सडसडीत तरुण थांबलाय. चित्रकार कीथ हेरिंग. खिशातून पांढरा खडू काढला की थेट सुरू. कच्चं रेखाटन नाही, खोडाखोड नाही. एक गोल डोकं, मग पाठीचा बाक, मग गुडघे आणि झालं रांगतं बाळ. भोवती किरणांच्या रेघा. शेजारी चौकोनी तोंडाचा भुंकणारा कुत्रा. बाळाला नाक-डोळे नाहीत, तरी ते मजेत आहे हे कळलंच की तुम्हाला! आईचं बोट धरलेल्या त्या पोराला तर तुमच्या आधी कळलंय. थांबून बघणाऱ्यांना हेरिंग याच बाळाचा बिल्ला देतो. घ्या, फुकट आहे. पोलीस दिसला तर मात्र बाजूला व्हा, या खडूपायी हेरिंगच्या हातात बेड्या पडल्यात.

आता काही वर्षं पुढे, एका दिवाणखान्यात. गालिच्यावर पोरं पालथी पसरलीत, वाडग्यातलं दूध सांडलंय, टीव्हीवर ‘सेसमी स्ट्रीट’ मोठ्यानं लागलंय. आणि हेरिंगची तीच जाड रेषांची, बिनचेहऱ्याची माणसं पडद्यावर चक्क हलायला लागतात! पोरं चमचा तोंडात धरून बघत राहतात.

मुलांचा हा कार्यक्रम 1969 मध्ये सुरू झाला तो एका साध्या निरीक्षणावर. मुलांना टीव्हीवरच्या जाहिराती तोंडपाठ होतात, तर मग अक्षरं आणि आकडेही तशाच छोट्या, चटकदार तुकड्यांत का देऊ नयेत? कार्यक्रमानं जाहिरातीची रीत उचलली, हेरिंगनं तिची रिकामी जागा. म्हणून त्याची माणसं इथं पाहुणी वाटत नाहीत. मुलांसाठी त्यांना सोपं करावंच लागलं नाही.

हेरिंग 1990 मध्ये, अवघ्या 31 व्या वर्षी गेला. त्याचं एखादं चित्र घरातल्या मुलाला दाखवाल तेव्हा अर्थ सांगायची घाई करू नका, आधी त्यालाच विचारा.