पदक मिळाले, नोंद तशीच राहिली : सार्जंट एडवर्ड कार्टर ह्यांचे सेवापत्र

दि. १३ जानेवारी १९९७ रोजी अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन ह्यांनी व्हाइट हाउसमध्ये सात कृष्णवर्णीय सैनिकांना 'मेडल ऑफ ऑनर' हे त्या देशाचे सर्वोच्च शौर्यपदक प्रदान केले. ज्या पराक्रमाबद्दल ही पदके दिली गेली तो दुसऱ्या महायुद्धातील होता. म्हणजे मध्ये अर्धशतक उलटून गेले होते. सातांपैकी व्हर्नन बेकर हे एकटेच त्या वेळी हयात होते. ह्या समारंभाविषयी बरेच लिहिले गेले आहे व ते योग्यच आहे. परंतु त्या सातांपैकी एकाच्या बाबतीत त्या दिवशी एक विलक्षण विसंगती शिल्लक राहिली. सार्जंट एडवर्ड कार्टर ह्यांना मरणोत्तर सर्वोच्च पदक मिळाले, आणि त्याच सैन्याच्या दप्तरात ते राजनिष्ठेविषयी संशयित म्हणून पूर्वीप्रमाणेच नोंदलेले राहिले. पदक देणे आणि नोंद दुरुस्त करणे ह्या दोन निराळ्या क्रिया आहेत, व त्यांतील दुसरी अधिक अवघड आहे, हे कार्टर प्रकरणात जितके स्वच्छ दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचा काहीशा तपशिलाने विचार करावयाचा आहे.

कार्टर ह्यांचा जन्म १९१६ साली लॉस एंजेलिस येथे झाला. वडील कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मप्रचारक, तर आई भारतीय, कलकत्त्याची. त्यांचे बालपण काही काळ भारतात व पुढे शांघायमध्ये गेले. आपल्याकडील वाचकांस हा धागा सहसा ठाऊक नसतो. पंधराव्या वर्षी घरातून पळून जाऊन ते चिनी राष्ट्रीय सैन्यात दाखल झाले; अल्पवयीन असल्याचे उघडकीस येताच त्यांना तेथून परत पाठविण्यात आले. त्यानंतर स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोच्या विरोधात लढणाऱ्या 'अब्राहम लिंकन ब्रिगेड' ह्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या तुकडीत ते सामील झाले. सप्टेंबर १९४१ मध्ये अमेरिकन भूसेनेत भरती होताना ह्या मनुष्याच्या पाठीशी दोन युद्धांचा अनुभव होता. असा सैनिक कोणत्याही सेनेस मोलाचा वाटावा. अमेरिकन सेनेच्या गुप्तवार्ता विभागास मात्र हाच पूर्वेतिहास संशयास्पद वाटला, आणि त्यांच्यावर पाळत ठेवण्यात येऊन तिचे टिपण त्यांच्या नावे साठू लागले. कार्टर ह्यांना त्याची वार्ताही नव्हती.

त्या काळी अमेरिकन सैन्य वर्णभेदाने विभागलेले होते. कृष्णवर्णीयांना प्रामुख्याने रसदपुरवठा, वाहतूक व बांधकाम ह्या कामांवर नेमले जाई. डिसेंबर १९४४ मध्ये आर्डेनच्या लढाईत पायदळाची मोठी हानी झाली, तेव्हा ह्या मागच्या फळीतील कृष्णवर्णीयांना आघाडीवर येण्याचे आवाहन करण्यात आले. अट अशी की, हुद्देदारांनी आपला हुद्दा सोडून साध्या शिपायाच्या दर्जाने यावे. गोऱ्या सैनिकांवर कृष्णवर्णीय हुद्देदाराची हुकमत चालू नये, हा त्यामागील हेतू होता. तरीही चार हजारांहून अधिक सैनिकांनी आपली नावे दिली. स्टाफ सार्जंट असलेल्या कार्टर ह्यांनी आपला हुद्दा उतरविला व ते पायदळात गेले.

दि. २३ मार्च १९४५ रोजी जर्मनीतील श्पायर ह्या नगराजवळ ते ज्या रणगाड्यावरून जात होते त्यावर बझुका व बंदुकांचा मारा सुरू झाला. उघड्या मैदानातून पुढे जाऊन शत्रूचा ठाव घेण्यासाठी कार्टर तीन सहकाऱ्यांसह निघाले. थोड्याच वेळात दोघे ठार झाले व तिसरा गंभीर जखमी झाला. कार्टर एकटेच पुढे गेले. पाच जखमा झाल्यावर त्यांना आडोशास पडून राहणे भाग पडले. त्यांना पकडण्यासाठी आठ जर्मन सैनिक चालून आले. त्यांतील सहा कार्टर ह्यांनी मारले आणि उरलेल्या दोघांना कैद करून, त्यांनाच ढालीसारखे पुढे धरून, ते मैदान ओलांडून परतले. कैद्यांकडून शत्रूच्या ठाण्यांची महत्त्वाची माहिती मिळाली. ह्या कामगिरीबद्दल त्यांना 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस', म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचे शौर्यपदक, देण्यात आले.

युद्ध संपल्यावर ते पुन्हा सेवेत राहिले. १९४९ साली पुनर्भरतीची वेळ आली तेव्हा त्यांना नकार मिळाला. कारण सांगण्यात आले नाही. आरोप नाही, चौकशी नाही, म्हणून बचावही नाही. त्यांनी दाद मागण्याचा प्रयत्न केला, कृष्णवर्णीयांच्या व नागरी स्वातंत्र्याच्या संस्थांकडे ते गेले. पण ज्या कागदामुळे हे घडले तो कागद त्यांना कोणी दाखविला नाही. दि. ३० जानेवारी १९६३ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

येथे एक मूलभूत प्रश्न विचारला पाहिजे. शौर्याची नोंद होते कशी? सैनिक स्वतः ती करीत नाही. वरिष्ठ अधिकारी शिफारस लिहितो, साक्षीदारांची निवेदने जोडतो, आणि तो कागद पलटणीकडून डिव्हिजनकडे, तेथून आणखी वर चढत जातो. ह्या वाटेवरील कोणत्याही टेबलावर तो थांबू शकतो, आणि थांबलेल्या कागदाचा आवाज होत नाही. पहिल्या महायुद्धातील कॉर्पोरल फ्रेडी स्टोवर्स ह्यांची शिफारस अशीच अडकून राहिली; १९१८ साली रणात पडलेल्या ह्या सैनिकाला १९९१ साली पदक मिळाले. रणगाडा पलटणीतील सार्जंट रूबेन रिव्हर्स नोव्हेंबर १९४४ मध्ये फ्रान्समध्ये धारातीर्थी पडले. त्यांचे गोरे कप्तान डेव्हिड विल्यम्स हे, आपण मेडल ऑफ ऑनरसाठी शिफारस केली होती, असे पुढे कित्येक दशके सांगत राहिले. तो कागद सैन्याच्या दप्तरात कधीच सापडला नाही. ह्या कप्तानाच्या चिकाटीविषयी आदर वाटतो, परंतु त्याबरोबर असाही विचार मनात येतो की, ज्यांच्यासाठी असा कप्तान उभा राहिला नाही, त्यांचे काय झाले असेल?

दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीयांनी अमेरिकेच्या सेनादलांत सेवा केली, आणि त्या युद्धाबद्दल दिल्या गेलेल्या चारशेहून अधिक मेडल ऑफ ऑनरपैकी एकही कृष्णवर्णीयास मिळाले नव्हते. १९९३ साली भूसेनेने ह्याची कारणमीमांसा करण्याचे काम उत्तर कॅरोलिनातील शॉ विद्यापीठाकडे सोपविले. संशोधकांना 'कृष्णवर्णीयांना पदक देऊ नये' असा लेखी हुकूम आढळला नाही. तसा तो आढळणारही नव्हता. ज्या समाजात प्रथा पुरेशी असते तेथे हुकूम काढण्याचे कारण पडत नाही. वर्णभेदाच्या वातावरणात शिफारसच होत नव्हती किंवा ती खालच्या पदकावर थांबविली जात होती, असे चित्र त्यांच्यासमोर आले. त्यांनी दहा नावे सुचविली, भूसेनेने त्यांतील सात मान्य केली. त्यांत कार्टर व रिव्हर्स होते.

आता नोंददुरुस्तीच्या कायद्याकडे वळू. १९४६ पर्यंत सैनिकाची चुकीची नोंद बदलावयाची तर अमेरिकन काँग्रेसमध्ये त्या एका व्यक्तीसाठी खासगी विधेयक आणावे लागे. त्या वर्षीच्या कायद्याने ही विधेयके बंद केली आणि नागरी अधिकाऱ्यांच्या मंडळामार्फत 'चूक दुरुस्त करण्याचा किंवा अन्याय दूर करण्याचा' अधिकार सेनाखात्याच्या सचिवांना दिला. ह्यातील 'अन्याय' हा शब्द महत्त्वाचा आहे. नियमाप्रमाणे लिहिलेली नोंदसुद्धा अन्यायकारक असू शकते, अशी ती कबुली होय. मृत सैनिकाच्या वतीने वारसही अर्ज करू शकतात. चूक ध्यानात आल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, परंतु न्यायाच्या दृष्टीने मंडळ ती बाजूस ठेवू शकते.

कागदावर ही व्यवस्था उदार दिसते. प्रत्यक्षात मंडळ स्वतः तपास करीत नाही. सरकारी दप्तर बरोबर आहे असे गृहीत धरून ते सुरुवात करते, आणि ते चूक असल्याचे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो. म्हणजे ज्याने लिहिले त्याने काही दाखवावयाचे नाही. ज्याच्याविषयी लिहिले, त्याने पुरावे आणावयाचे. शिवाय हे पुरावे बहुधा त्याच दप्तरात असतात. त्यात दि. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस येथील राष्ट्रीय कर्मचारी अभिलेखागारास आग लागली. १९१२ ते १९६० ह्या काळात सेवामुक्त झालेल्या भूसैनिकांची सुमारे ८० टक्के सेवापत्रे तीत नष्ट झाली. एकूण १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या. तेव्हापासून वेतनपत्रके व तुकड्यांची दैनिक हजेरीपत्रके जुळवून एकेका सैनिकाची सेवा पुन्हा उभी करावी लागते. ज्या कुटुंबाने जुनी पत्रे व दाखले पेटीत जपून ठेवले, त्याला आधार मिळतो. गरिबीमुळे गावोगाव, घरोघर फिरावे लागलेल्या कुटुंबाजवळ ते कोठून असणार?

पहिल्या महायुद्धातील हेन्री जॉन्सन ह्यांचे उदाहरणही येथे थोडक्यात नमूद करतो. मे १९१८ मध्ये आर्गोनच्या अरण्यात पहाऱ्यावर असताना त्यांनी जर्मन टोळीशी हातघाईची लढाई करून आपल्या जखमी सोबत्यास वाचविले. त्यांना २१ जखमा झाल्या. फ्रान्सने त्यांना 'क्रॉ द गेर' दिले. अमेरिकेने ते जिवंत असेपर्यंत, म्हणजे १९२९ पर्यंत, एकही शौर्यपदक दिले नाही. सेनापती पर्शिंग ह्यांनी त्याच महिन्यात पाठविलेल्या वृत्तात त्यांची प्रशंसा आहे. हा कागद २०११ साली पुढे आला आणि २०१५ साली त्यांना मेडल ऑफ ऑनर मिळाले. ह्याच शोधात आणखी एक गोष्ट निघाली. ज्यांनी स्वतःस त्यांचे पुत्र मानून अनेक वर्षे ह्या पदकासाठी पाठपुरावा केला होता, ते त्यांचे रक्ताचे नातलग नव्हते. दप्तर उघडले की ते हवे तेवढेच बोलत नाही. पुढे २०२३ साली लुइझियानातील एका लष्करी तळास जॉन्सन ह्यांचे नाव देण्यात आले, आणि २०२५ साली ते काढून तळास पुन्हा पोल्क हे नाव देण्यात आले.

ह्या सैनिकांच्या नोंदींचे मोल ओळखणारा पहिला मोठा अभ्यासक म्हणजे डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस. युद्ध संपताच, डिसेंबर १९१८ मध्ये, ते फ्रान्सला गेले व त्यांनी कृष्णवर्णीय सैनिकांविषयीचे कागद जमविले. मे १९१९ च्या 'द क्रायसिस' ह्या नियतकालिकात त्यांनी ते छापले. कृष्णवर्णीय सैनिकांची गोऱ्या अमेरिकनांसमोर फार स्तुती करू नये, अशी सूचना फ्रेंच अधिकाऱ्यांना देणारे ऑगस्ट १९१८ चे गुप्त टिपण त्यांत होते. ह्याच द्यु बॉइस ह्यांना १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहून, निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे सादर झालेल्या निवेदनाची प्रत मागविली होती, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. सेवेचा दाखला पुढे करून अर्ज करण्याची परंपरा आपल्यालाही परकी नाही. लष्करातील महार भरती बंद झाल्यावर गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली व शिवराम जानबा कांबळे ह्यांनी १९१० साली जे अर्ज केले, त्यांचा आधार पूर्वजांची सैनिकी सेवा हाच होता.

विनयपिटकातील एक विधी येथे आठवतो. स्थविर दब्ब मल्लपुत्त ह्यांच्यावर खोटा आरोप आला, तेव्हा ते निर्दोष असल्याचे ठरल्यावर संघाने त्यांना 'सतिविनय' दिला. चुल्लवग्गात ह्याची रीत दिली आहे. निर्दोष भिक्षूने स्वतः संघापुढे येऊन तीन वेळा याचना करावयाची, आणि संघाने ज्ञप्ती मांडून तीन वेळा घोषणा करावयाची. हा विधी निर्दोषासाठीच असल्यामुळे त्यात क्षमेस स्थान नाही. नोंददुरुस्ती आणि कृपा ह्यांतील हा भेद आधुनिक मंडळांच्या निकालपत्रांत नेहमीच इतका स्पष्ट असतो असे नाही. मात्र याचना येथेही निर्दोषालाच करावी लागते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

कार्टर ह्यांच्या बाबतीत ही याचना त्यांच्या स्नुषा ॲलीन कार्टर ह्यांनी केली. पदकाच्या निमित्ताने त्या सासऱ्यांचे कागद शोधू लागल्या आणि माहितीच्या अधिकाराच्या अमेरिकन कायद्याखाली त्यांनी गुप्तवार्ता विभागाची फाईल मिळविली. दि. १४ जानेवारी १९९७ रोजी, म्हणजे पदकसमारंभाच्या दुसऱ्या दिवशी, कार्टर ह्यांचे अवशेष लॉस एंजेलिसहून आणून आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत सन्मानाने ठेवण्यात आले होते. तरी संशयाची नोंद तशीच होती. त्या नोंदीत निष्ठाहीनतेचा पुरावा म्हणावा असे काही नव्हते; चीन, स्पेन व पाळतीची टिपणे एवढाच तिचा आधार होता. अखेर १९९९ साली राष्ट्राध्यक्षांनी कुटुंबाकडे पत्राने दिलगिरी व्यक्त केली, सेवापत्र दुरुस्त झाले, आणि नोव्हेंबरमध्ये भूसेनेचे उपप्रमुख जनरल जॉन कीन ह्यांनी दुरुस्त कागद कुटुंबाच्या हाती दिले.

त्या कागदांबरोबर, पूर्वीच मिळावयास हवी होती अशी तीन साधी पदकेही देण्यात आली. त्यांतील एक युद्धकालीन सेवेचे, दुसरे व्याप्त प्रदेशातील सेवेचे आणि तिसरे 'गुड कंडक्ट मेडल', म्हणजे सद्वर्तनाचे होते. हे तिसरे पदक नेकीने मुदत पुरी करणाऱ्या साध्या शिपायालाही मिळते. सर्वोच्च पदकानंतर दोन वर्षे दहा महिन्यांनी ते कार्टर ह्यांच्या नावे लिहिले गेले.