मकबूल फिदा हुसेन यांचे चित्रपट
मकबूल फिदा हुसेन (१७ सप्टेंबर, इ.स. १९१५:पंढरपूर, महाराष्ट्र - ९ जून, इ.स. २०११:लंडन, इंग्लंड) हे भारतीय चित्रकार व चित्रपट दिग्दर्शक होते. चित्रकार म्हणून ते जगप्रसिद्ध आहेत. त्यामानाने त्यांच्या चित्रपटकार्याची दखल कमी घेतली गेली.

पार्श्वभूमी
हुसेन यांचे बालपण इंदूर येथे गेले. इ.स. १९३०च्या दशकात मुंबईस आल्यावर चित्रपटांचे भव्य जाहिरातफलक रंगवून त्यांनी उदरनिर्वाह केला. म्हणजे चित्रपटसृष्टीशी त्यांचा पहिला संबंध आला तो परातीवर चढलेला रंगारी म्हणून. इ.स. १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, गाडे व बाक्रे यांच्यासह ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे संस्थापक सदस्य झाले.

थ्रू द आइज ऑफ अ पेंटर
चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी दाखविले जाणारे सरकारी माहितीपट फिल्म्स डिव्हिजन तयार करीत असे. धरणे, कारखाने, कुटुंबनियोजन हे त्यांचे नेहमीचे विषय. युनेस्कोतून आलेले जाँ भावनगरी १९६०च्या दशकाच्या मध्यास संस्थेचे सल्लागार असताना प्रयोगांना मोकळीक मिळाली आणि हुसेन यांच्या हाती कॅमेरा आला.

इ.स. १९६७चा हा कृष्णधवल लघुपट राजस्थानात चित्रित झाला आहे. त्यात कथा नाही, संवाद नाहीत आणि माहितीपटांत हमखास आढळणारे निवेदनही नाही. छत्री, कंदील, जोडा, गाय, माणसांचे चेहरे, किल्ल्यांच्या भिंती अशा प्रतिमा एकामागून एक येतात. त्यांना जोडतो तो केवळ चित्रकाराचा दृष्टिक्षेप आणि विजय राघव राव यांचे संगीत. हुसेन यांच्या कॅनव्हासवरील छत्री व कंदील ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही भाषा परकी वाटत नाही. बर्लिन महोत्सवात या चित्रपटास लघुपटासाठीचे सुवर्ण अस्वल पारितोषिक मिळाले. सर्वोत्कृष्ट प्रायोगिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यास लाभला.

समकालीन प्रयोग
त्याच सुमारास तय्यब मेहता यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी 'कूडल' (इ.स. १९७०) केला, त्यात वांद्र्याच्या कत्तलखान्यातील दृश्ये आहेत. अकबर पदमसी यांचा 'सिझिजी' हा रेषा व बिंदूंचा मूकपट होय. पदमसी यांच्या दुसऱ्या चित्रपटाची एकमेव प्रत मात्र हरवली. चित्राप्रमाणे चित्रपट भिंतीवर टांगून जपता येत नाही, हे या पिढीच्या प्रयोगांचे दुर्दैव ठरले.

कथापट
यानंतर तीन दशकांहून अधिक काळाने हुसेन यांनी माधुरी दीक्षित यांना घेऊन 'गजगामिनी' (इ.स. २०००) दिग्दर्शित केला. कालिदास आणि लिओनार्दो दा विंची यांना एकाच पटात आणणारा हा चित्रपट तिकीटबारीवर अपयशी ठरला. तब्बू यांची भूमिका असलेला 'मीनाक्षी' (इ.स. २००४) हैदराबाद, जैसलमेर व प्राग या तीन शहरांत घडतो. ए.आर. रहमान यांनी संगीत दिलेल्या या चित्रपटातील एका गीतात कुराणातील शब्द आल्याचा आक्षेप काही मुस्लिम संघटनांनी घेतला आणि प्रदर्शनानंतर थोड्याच दिवसांत तो चित्रपटगृहांतून काढून घेण्यात आला. देवदेवतांच्या चित्रांवरून हिंदुत्ववादी संघटनांचा रोष त्यांनी आधीच ओढवून घेतला होता. इ.स. २००६ पासून ते परदेशीच राहिले व इ.स. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व स्वीकारले.